न पिणाऱ्याचं नाक

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी मला एक वही दिली आणि म्हणाल्या, "तात्या, माझ्यापुढं बोलता ते सगळं ह्यात लिहून काढा. माझ्याकडं तोंड झाकून माणसं येतात, त्यांना वाचायला देते." माझं शिक्षण तिसरी, तेही अर्धं. बैल चालता चालता मुतावा तसं माझं अक्षर. माझा मुलगा दिनकर वडूजला मास्तर आहे. त्यानं ऱ्हस्व-दीर्घ तेवढं नीट केलंय. शब्दाला हात लावायचा नाही, असं त्याला बजावून ठेवलंय.

तर दवाखान्याच्या कोपऱ्यात तोंडाला टॉवेल गुंडाळून कोणी बसलं असेल, त्यानं आधी टॉवेल काढावा. मग वाचावं.

नाक

माझं गाव आटपाडीहून म्हसवडकडं जाताना लागतं. चाळीस वर्षं मी जनावरांना डाग दिले. खांदा सुजलेला बैल असो, पाय लचकलेला असो, लोक माझ्याकडं आणायचे. शेणकुटाच्या जाळात सळई लाल करायची आणि दुखणं असेल तिथं टेकवायची. बघणाऱ्याला सोपं वाटतं. पण कातडं किती जाड, सळई किती लाल, किती वेळ टेकवायची, हे हाताला कळावं लागतं. अंमळ जास्त झालं की जनावर जन्माचं वाया जातं. म्हणून हे काम करणाऱ्यानं पिऊन चालत नाही. मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. ह्यात माझी फुशारकी काही नाही, कामच तसं होतं.

साठी उलटली आणि नाक लाल व्हायला लागलं. ऊन लागलं असेल, म्हटलं. मग शेंडा जाड झाला. मग त्यावर गाठी आल्या. चार-पाच वर्षांत नाक सीताफळासारखं खडबडीत झालं आणि रंग वांग्याचा. बशीतनं चहा प्यायला गेलो की ओठाच्या आधी नाक बुडायचं.

गावात सर्जेराव म्हणून माझ्या बरोबरीचा एक बागायतदार आहे. चार बैल बाळगून आहे आणि जीभ पाचव्यासारखी मोकळी. हाटेलात सगळ्यांसमोर म्हणाला, "तात्या, कुठली पितोस रं? आमालाबी ठिकाण सांग की."

लोक हसले. मीही हसलो. पहिल्यांदा हसलो ती माझी चूक.

पुढं बैल यायचे बंद झाले. लोक दोन कोस पायपीट करून दुसऱ्या गावच्या माणसाकडं जायला लागले. एकाला वाटेत धरून विचारलं, तर तोंडावर म्हणाला, "तुमचा हात थरथरंल, तात्या. जनावर माझं हाय."

मी काठोकाठ भरलेला पेला तळहातावर घेतला आणि चावडीपुढं जाऊन उभा राहिलो. सावली पायाखालनं सरकून भिंतीला लागली तरी थेंब सांडू दिला नाही. लोक जमले, बघितलं आणि म्हणाले, "आज घेतली नसंल."

दाभण

आता माझा मूर्खपणा सांगतो. तो सांगितल्याशिवाय पुढचं सांगायचा मला हक्क नाही.

मी म्हटलं, बैलाची गाठ मी बसवतो, तर माझी का नाही? पोती शिवायचं दाभण घेतलं, चुलीत लाल केलं आणि हौसाला, माझ्या बायकोला, आरसा धरायला सांगितलं.

"आवं, डोस्कं फिरलं का तुमचं?" ती म्हणाली.

"तू आरसा धर."

"न्हाई धरत."

मग आरसा खुंटीला टांगला आणि एकट्यानंच केलं. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, हे मला दाढी करून ठाऊक होतं. पण दाढीला दुखत नाही. दाभण टेकलं आणि डोळ्यांत पाणी भरलं. पाण्यात आरसा दिसेना. आरसा दिसेना म्हणून हात थांबेना. पाहिजे होतं त्याच्या बाजूला टेकलं आणि पाहिजे होतं त्याच्या दुप्पट वेळ राहिलं.

चार दिवसांत नाकात पू झाला. डावा डोळा मिटला. अंगात ताप भरला. हौसा आटपाडीला एसटीडीच्या खोलीत गेली आणि फोन करून दिनकरला बोलावून घेतलं. त्यानं मला वडूजला नेलं, तिथल्या दवाखान्यात आठ दिवस सुया मारल्या. पू गेला. नाक होतं तिथंच होतं, वर एक भाजल्याचा खड्डा.

पहिला डॉक्टर

मग सांगली. पहिला डॉक्टर मोठा होता, बाहेर माणसं जमिनीवर बसलेली. त्यानं कागदावरनं मान वर केली नाही.

"रोज किती घेता?"

"काय?"

"दारू."

मी उठलो. दिनकरनं सदऱ्याला धरून खाली बसवलं. मी परत उठलो. डॉक्टर दिनकरशी इंग्रजीत बोलायला लागला, जसं मी तिथं नव्हतोच. दिनकरनं मला नंतर सांगितलं ते असं : पूर्ण गुंगी द्यायची, नाकाचं वाढलेलं चाकूनं तासायचं, लागलं तर मांडीची कातडी वर लावायची. आणि शेवटी तो मराठीत माझ्याकडं बघून म्हणाला, "आजोबा, अगदी पहिल्यासारखं नाक करून देतो."

माझं पहिलं नाक त्यानं बघितलं होतं का?

एसटी स्टँडवर दिनकर माझ्यावर चिडला. "तात्या, तुम्हाला नाक बरं करायचंय की मान राखायचाय?"

"दोन्ही," मी म्हणालो.

तो दुसरीकडं तोंड करून बसला.

डॉक्टरीणबाई

महिन्यानं दिनकर मला परत सांगलीला घेऊन गेला. त्याच्या शाळेतल्या एका बाईंनी ह्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं होतं. कातडीच्या डॉक्टर. वय दिनकरएवढं असेल. शहाण्णव साल होतं, आणि लेझरचं मशीन त्यांच्याकडं नवीनच आलं होतं.

त्यांनी आधी नाक बघितलं. भिंग लावून, बोटानं दाबून, ह्या बाजूनं, त्या बाजूनं. मी जनावर बघतो तसं. मग खड्ड्यावर बोट ठेवून विचारलं, "हे कुणी भाजलं?"

"मीच."

"कशानं?"

"दाभणानं."

"किती वेळ टेकवलं होतं?"

मला ह्या दुखण्यात पहिल्यांदाच कुणी तरी नेमकी गोष्ट विचारली. मी सगळं सांगितलं, आरशासकट. त्या हसल्या नाहीत. दिनकर हसला.

मग त्या विचारायच्या आत मीच म्हणालो, "मी पीत नाही."

"मी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "ह्या दुखण्याला दारूच लागते असं नाही. नाकात तेलाच्या ग्रंथी असतात, त्या तुमच्या वाढल्यात. थेंब न घेणाऱ्यालासुद्धा होतं."

"परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. मी दिनकरकडं वळलो, "ऐकलंस?" म्हणायला. तो खाली फरशीकडं बघत होता. तोंड उतरलेलं. आणि मला कळलं की माझ्या पोटच्या पोरालाही इतकी वर्षं तेच वाटत होतं.

दुखणं काय आहे ते मला त्या दिवशी कळलं, पण आठवण राहिली ती ह्याची.

डॉक्टरीणबाई पुढं बोलत होत्या. एका गाठीचा रंग त्यांना आवडला नव्हता. बारीक तुकडा काढून तपासायला पाठवते म्हणाल्या. वाईट निघालं तर मार्ग वेगळा. तुकडा काढला, आम्ही घरी आलो आणि आठ दिवस थांबलो. मला भीती वाटली का? वाटली. मी गोठ्यात जाऊन बसायचो. हौसा भाकरी तिथंच आणून द्यायची आणि बाजूला बसायची. एक दिवस मी तिला म्हटलं, "हौसा, वाईट निघालं तर?"

"तर तवा बघू," ती म्हणाली. "आता जेवा."

वाईट निघालं नाही.

कोणता मार्ग

वाढलेलं मांस लेझरच्या उजेडानं जाळून काढू, असं डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, आणि घरात भांडण सुरू झालं. दिनकरचं म्हणणं, करायचंच तर चाकूनं करा, ते वर्षानुवर्षं चालत आलंय, हे मशीन कालचं आहे. हौसाचं म्हणणं निराळं. "हाय तसं ऱ्हाऊ द्या की. मला काय तुमच्यासंगं परत लगीन लावायचंय?" आणि सर्जेरावाला कुठनं तरी कळलंच. तो हाटेलात बोलला, "तात्या नाक कापून घ्यायला चाललाय. पैसं कशाला घालवतोस रं, पोरगीच्या लग्नात जावायानं फुकटात कापलं असतं." मला मुलगी नाही हे त्यालाही माहीत आहे.

दिनकर मला म्हणाला, "तात्या, ह्या वयात तोंडासाठी एवढं केलं तर लोक हसतील."

"आत्ता काय रडत्यात व्हय?"

मी एकटाच एसटीनं सांगलीला गेलो. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मी आयुष्यभर डाग दिलेत, तुमचा उजेड म्हणजे डागच आहे, तर मला डागाचं विचारायचं ते विचारतो. त्या म्हणाल्या, विचारा.

"बांधायला दोर किती लागतात?"

"एकही नाही. नाकाभोवती भुलीच्या सुया देते. तुम्ही जागे असाल."

"थांबायचं कुठं, ते मशीन सांगतं का?"

"नाही. ते मला बघावं लागतं. एकेक थर जाळत जायचं. कातडीत तेलाची बारीक भोकं दिसतात, ती दिसतात तोवरच जायचं. ती गेली तर खालून नवी कातडी यायला काही उरत नाही. शंका आली की मी थांबते. राहिलेलं पुढच्या वेळी काढता येतं. गेलेलं मला परत आणता येत नाही."

हे मी चाळीस वर्षं लोकांना सांगत होतो. कुणी ऐकायचं नाही, म्हणायचे एकदाच जोरात द्या.

"पहिल्यासारखं नाक होईल का?"

"नाही. बारीक होईल. पांढरा डाग राहू शकतो. पुढं-मागं थोडं परत वाढूही शकतं."

"असली नाकं किती केलीत?"

"दोन. एकाचं चांगलं झालं. दुसऱ्याचं माझ्याकडून जास्त निघालं. त्यांची नाकपुडी एका बाजूनं वर ओढली गेली."

दुसऱ्या कुणाला हे ऐकून उठून जावंसं वाटलं असतं. पण जो माणूस मला म्हणाला असता, आजवर माझ्या हातनं एकही जनावर बिघडलं नाही, त्याच्याकडं मी माझी शेळीसुद्धा दिली नसती. माझ्या हातनं तीन बिघडली. त्यांचे रंग मी अजून सांगीन.

"मग मी तुमचा तिसरा," मी म्हणालो.

तो दिवस

डोळ्यांवर लोखंडी टोपणं बसवली. तोंडाभोवती ओले टॉवेल. मग सुया. नऊ मोजल्या. खरं दुखणं एवढंच, पण ते दुखणं आहे, उगाच खोटं कशाला सांगू. नाकाचा शेंडा म्हणजे सगळ्या अंगाची शेंडी आहे.

मग नाक मेलं. मशीन सुरू झालं. दिसत काही नव्हतं, बारीक चरचर ऐकू येत होती आणि एक नळी धूर ओढत होती. सगळा धूर काही तिला ओढता आला नाही. वास आला.

तो वास मी चाळीस वर्षं घेतलाय. केसांचा आधी, मग कातड्याचा. पण ह्या वासाबरोबर हंबरडा नव्हता. चार माणसं अंगावर बसलेली नव्हती, वेसण ओढलेली नव्हती. मी खाटेवर पाय सोडून पडलो होतो आणि बाहेर कुठं तरी रेडिओवर भाव सांगत होते.

"तात्या, दुखतंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न्हाई. तेच म्हणतोय मी."

"म्हणजे?"

"काही न्हाई. तुमचं चालू द्या."

मी दोर बांधायचो. दोरानं जनावर हलत नाही, एवढंच. कळतं त्याला सगळं.

तीन आठवडे

पुढचे तीन आठवडे मी आणि हौसा दिनकरकडं वडूजला होतो. पहिले सहा-सात दिवस नाकावरनं पाणी पाझरत होतं, वर मलमाचा जाड थर, त्यावर जाळीचं कापड. उताणं, दोन उशा घेऊन झोपायचं. ऊन बंद. माशा मात्र कुणाचं ऐकत नाहीत. तोंड सुजलं, डोळे बारीक झाले, आणि चौथ्या दिवशी मला वाटलं की सगळं चुकलं. तुम्हालाही वाटेल. चौथा दिवस वाईट असतो. आठव्याला जरा बरं वाटतं.

ड्रेसिंग हौसानं केलं. पाणी उकळून गार करायची, कापड भिजवून सोडवायची, बोटानं मलम लावायची. लग्नाला पन्नास वर्षं झाली, पण दिवसाउजेडी तिनं माझ्या तोंडाला कधी हात लावला नव्हता. आमच्यात तशी रीत नाही. पहिल्या दिवशी दोघंही लाजलो. तिसऱ्या दिवशी ती माझी हनुवटी धरून म्हणाली, "आवं, हलू नका. बैल बरा तुमच्यापरीस." मला सांगायला काही वाटत नाही, ते तीन आठवडे बरे गेले.

एका संध्याकाळी दिनकर जवळ येऊन बसला. "तात्या, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"तुम्हाला माहितेय."

"शाळंत पोरांस्नी असं अर्धं उत्तर चालतं व्हय?"

मग त्यानं पूर्ण सांगितलं. मला वाटायचं तुम्ही रानात जाऊन पिता, आईलाही विचारलं होतं, तिनं मला लाटणं फेकून मारलं होतं. हे मला नवीन होतं. मी हौसाकडं बघितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही.

आता टॉवेल काढून वाचत असशील तर ऐक, गड्या. बिब्बा, चुना, दाभण, काही लावायचं नाही. तुकडा तपासल्याशिवाय कुठल्याच मशीनखाली जायचं नाही. आणि डॉक्टरला विचारायचं, तुमच्या हातनं बिघडलं कुणाचं? जो सांगेल, त्याच्याकडं करून घ्यायचं. तोंडासाठी खर्च कशाला, असं घरातलं कुणी म्हणालं तर त्याला म्हणायचं, एक वर्ष माझं तोंड लावून बाजारात फीर.

दारू सोडली

नाक बारीक झालं. सरळ झालं म्हणणार नाही. शेंड्याला उजवीकडं थोडी गाठ त्यांनी मुद्दाम ठेवली, तिथं शंका आली होती म्हणून. डावीकडं पावलीएवढा पांढरा डाग आहे. बशीत आता आधी ओठ जातात.

मी ताठ मानेनं गावात आलो. स्टँडवरच एकानं हात धरला. "तात्या, सुटली म्हणायची. लय चांगलं केलंसा."

"काय सुटली?"

"ती."

मी त्याला तेलाच्या ग्रंथी समजावून सांगितल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता दारूला त्याल म्हणत्यात व्हय?"

दोन महिने मी हे भांडण भांडलो. ज्याच्या त्याच्यापुढं. नाक वाईट होतं तेव्हा पितो म्हणायचे, नाक बरं झालं तर सोडली म्हणायला लागले. ग्रामपंचायतीतनं निरोप आला की व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात तात्यांचा नारळ देऊन सत्कार करायचा आहे. मी नारळ तुमच्या डोक्यात फोडीन, म्हणून कळवलं. दिनकर म्हणाला, "तात्या, सोडून द्या. बैल परत यायला लागतील, तेवढं बघा."

"सोडून द्यायला धरली होती कुठं?" मी म्हणालो.

आणि खरंच एके सकाळी बैल आला. सर्जेरावाचा. पांढरा खिलार, उजवा खांदा मडक्याएवढा सुजलेला, पाय टेकवत नव्हता. बरोबर चार गडी, खांद्यावर दोराची वेटोळी.

"दुसरीकडं दोनदा डागला, उतरलं न्हाई," सर्जेराव म्हणाला. "आता तू सोडलीयास, हात थिर असंल. बघ."

बैल परत पाठवायचा, आधी ह्याच्या तोंडून 'तात्या कधी प्याला नाही' असं वदवायचं, मगच हात लावायचा, असं मी महिनाभर मनात घोकून ठेवलं होतं. तसं म्हणणारच होतो. तेवढ्यात मी बैलाच्या खांद्यावर पालथा हात ठेवला. कातडं तापलेलं. जुन्या दोन डागांच्या कडा अजून ओल्या होत्या. माझा हात लागला तसं ते सगळं कातडं शहारत मागं गेलं. गड्यांनी तोवर शेणकुटं पेटवून माझी सळई त्यात घातलीच होती, आणि एकजण पाय बांधायला वाकला.

"दोर सोड," मी म्हणालो.

"आं?"

"आटपाडीसनं जनावरांच्या डॉक्टरला बोलीव. खांद्यात भुलीची सुई मारू दे. मग डागायचं का न्हाई ते आमी दोघं मिळून ठरवतो."

गडी एकमेकांकडं बघायला लागले. सर्जेरावानं कमरेवर हात ठेवले.

"बैलाला भूल?"

"व्हय."

"आरं, आजवर कवा दिलीस?"

"न्हाई दिली. चुकलं."

तो मोठ्यानं हसला. "सोडली म्हणत्यात ते खोटंच म्हणायचं. तात्या, सकाळीच घेऊन आलायस व्हय रं?"

चारी गडी हसले. बैल तीन पायांवर उभा होता, उचललेला पाय हवेत थरथरत होता.

"व्हय, घेतलीया," मी म्हणालो. "आता डॉक्टरला बोलीव."

त्याचं हसू अर्ध्यात राहिलं. मी काही हललो नाही. शेवटी त्यानं एका गड्याला मान हलवून खूण केली, आणि तो मोटारसायकल काढून आटपाडीला गेला. मी सळई विस्तवातनं ओढून मातीत खुपसली आणि बैलाच्या चांगल्या बाजूला जाऊन उभा राहिलो, म्हणजे त्याला टेकायला होईल.